चिकुनगुनियाची सांधेदुखी की आमवात? रक्ताचा कागद काय सांगतो



पावसाळा सरून गव्हाणीत मोळी पडली, की या आरोग्याच्या पानासाठी येणाऱ्या चिठ्ठ्यांचा रंग बदलतो. आधी ताप, जुलाब, सर्पदंश असे विषय असतात. दिवाळीनंतर मात्र एकच तक्रार निरनिराळ्या गावांहून येऊ लागते : “ताप जाऊन दोन महिने झाले, पण सांधे सुटत नाहीत. रक्त तपासलं, त्यात आर. ए. पॉझिटिव्ह आलं. आता जन्मभर गोळ्या खाव्या लागणार का?” कागदाची घडी करून ती खिशात घालून माणसे गटऑफिसात येतात, आणि शेतकी खात्याच्या माणसाला उसाच्या नोंदीबरोबर तो कागदही दाखवतात. तो बिचारा काय सांगणार! म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा असे आम्ही ठरवले.

प्रथम दोन जावांची हकीकत सांगतो. दोघींच्या संमतीने सांगत आहोत, पण नावगाव देत नाही.

एका वाड्यातल्या या दोघी. गणपतीच्या आठवड्यात गल्लीत तापाची साथ आली आणि दोघीही अंथरुणाला खिळल्या. ताप तीन-चार दिवसांत उतरला, पण हातापायांचे सांधे धरले ते धरलेच. थोरलीला सकाळी उठून म्हशीची धार काढता येईना. धाकटीला भाकरी थापता येईना. “बोटं मिटतच न्हाईत, भाकरीला हात कसा लावू?” असे ती म्हणे. दिवाळीनंतर दोघींनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी ‘वाताची तपासणी’ करून घेतली. थोरलीचा कागद पॉझिटिव्ह आला, धाकटीचा निगेटिव्ह. घरच्यांनी निकाल लावून टाकला : थोरलीला आमवात, धाकटीला नुसता तापाचा शेष.

पुढे घडले ते नेमके उलटे. थोरलीचे सांधे होळीपर्यंत मोकळे झाले आणि आज ती दोन म्हशींच्या धारा काढते. धाकटीचे निघाले आमवाताचे दुखणे, आणि ते कळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. हातातल्या एका हाडाला तोवर खाच पडायला सुरुवात झाली होती. कागद खोटा नव्हता. कागदाला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तो कसा, ते आता पाहू.

दोन दुखणी, एकच रूप

चिकुनगुनिया हा विषाणूचा ताप आहे. १९५२-५३ साली तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, त्याची प्रथम नोंद झाली. नाव तिथल्या माकोंडे लोकांच्या बोलीतले असून त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. कोंबडीशी त्याचा काडीइतका संबंध नाही. नावाला भुलून चिकन सोडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्या देशात तो १९६३ साली कलकत्त्यात दिसला. आपल्याकडे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठी साथ आली, आणि त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे हा आजार जणू विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्रही जास्त झळ बसलेल्या राज्यांपैकी होता. तेव्हापासून तो कायमचा मुक्कामाला आहे. एखादे वर्ष कमी, एखादे जास्त.

हा ताप पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांपुढे पाण्याची जी पिंपे भरलेली असतात, ती त्याला फार सोयीची पडतात. पण तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, हा मुळात संसर्ग नव्हे. शरीराची राखण करणारी यंत्रणा वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सांधा सुजतो, आणि सूज महिनोन्‌महिने राहिली की कूर्चा व हाड कुरतडले जाते. बोटे वाकडी होतात ती यामुळे. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात.

दोन्हींमध्ये हाताचे लहान सांधे, मनगटे, घोटे धरतात. दोन्हींमध्ये उजव्या-डाव्या दोन्ही बाजू दुखतात. दोन्हींमध्ये सकाळी अंग आखडलेले असते आणि दिवस वर आला की थोडे सुटते. चिकुनगुनियाची सांधेदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत जाते, पण काहींची तीन महिन्यांपलीकडेही राहते. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्यांत आणि आधीच सांधे खराब असलेल्यांत ती जास्त रेंगाळते. अशा रोग्याचे नुसते हात पाहून फरक सांगणे भल्या डॉक्टरलाही कठीण जाते. म्हणून रक्त.

प्रतिपिंड म्हणजे काय

शरीरात परका जंतू शिरला की त्याला नेमके ओळखून पकडणारे पदार्थ रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. आजाराच्या सुरुवातीला एका जातीचे प्रतिपिंड येतात, त्यांना डॉक्टर ‘आय. जी. एम.’ म्हणतात. मागाहून दुसरे येतात, ते ‘आय. जी. जी.’. पहिले हंगामी मजुरासारखे असतात, काम संपले की निघून जातात. दुसरे कायम नोकरीतले, वर्षानुवर्षे हजेरीपटावर राहतात. हा भेद ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

प्रतिपिंडांच्या तपासणीचा कागद हाती आला की पहिला सवाल हाच करावा : हे प्रतिपिंड कोणाविरुद्धचे? विषाणूविरुद्धचे, की स्वतःच्याच शरीराविरुद्धचे?

गावोगाव जिला ‘वाताची तपासणी’ किंवा ‘आर. ए. टेस्ट’ म्हणतात, ती ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर नावाच्या प्रतिपिंडाची तपासणी असते. १९४० साली नॉर्वेतील एरिक वालर यांनी आणि पुढे १९४८ साली अमेरिकेतील रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण दाखवून दिला. मेंढीच्या तांबड्या पेशी घेऊन ती तपासणी करीत, आणि दोघांच्या नावांवरून ती वालर-रोझ तपासणी म्हणून ओळखली गेली. हा प्रतिपिंड जंतूविरुद्ध नसतो, तर आपल्याच दुसऱ्या प्रतिपिंडाला चिकटणारा असतो. आमवात झालेल्या शंभरांपैकी सुमारे सत्तर जणांत तो सापडतो. म्हणजे तीस जणांत सापडतही नाही.

आता खरी अडचण ऐका. शरीर कोणत्याही कारणाने पुष्कळ प्रतिपिंड तयार करू लागले, की त्या गर्दीत हा फॅक्टरही उगवतो. हिपॅटायटिस ‘सी’ या यकृताच्या विषाणुदोषात तो फार आढळतो. क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग यांत आढळतो. चिकुनगुनियानंतरही काही रोग्यांत आढळतो. म्हातारपणी काहीएक आजार नसताना आढळतो. बरे, तरण्याताठ्या निरोगी माणसांतही शंभरात चार-पाच जणांत तो असतोच.

आपल्या सभासदांना हे कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर म्हणजे ब्रिक्स. शेतकी खात्याचा माणूस फडात येऊन हँड रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो आणि ब्रिक्स २० सांगतो, तेव्हा रसात २० टक्के साखर आहे असा अर्थ होत नाही, हे आपल्याला आता पाठ झाले आहे. रसात विरघळलेले जे जे काही असेल ते सगळे त्यात धरले जाते; साखरही आणि साखर नसलेले क्षारही. साखर किती ते कळायला प्रयोगशाळेत पोल काढावा लागतो. कोवळ्या उसाच्या ब्रिक्सवर तोड दिली तर उतारा कुठे जातो, ते सांगायला नको.

जरा हिशेब करू

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण परिसरात १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील सांध्यांच्या आजारांची घरोघर मोजदाद केली. तीत आमवाताचे प्रमाण दर हजारी पाचच्या आसपास आढळले. हा आकडा आपल्या ओळखीच्या मुलखातला, म्हणून तोच घेऊ.

समजा, हजार प्रौढ माणसांचे गाव आहे आणि कोणी उत्साहाने साऱ्या गावाची ‘वाताची तपासणी’ केली. आमवाताचे पाच रोगी. त्यांपैकी तीन-चार जणांचा कागद पॉझिटिव्ह येईल. उरलेले ९९५ लोक. त्यांतील शंभराला पाच या हिशेबाने सुमारे ५० जणांचा कागद काही आजार नसतानाच पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह कागद हाती असलेल्या त्रेपन्न-चौपन्न माणसांत खरे आमवाताचे तीन किंवा चार! साथ येऊन गेलेल्या गावात या फुकटच्या पॉझिटिव्हांची संख्या आणखी वाढणार, कमी होणार नाही. आणि नेमकी साथ येऊन गेल्यावरच लोक ही तपासणी करायला धावतात. कधी कधी तर शिबिरे भरवून ती सरसकट करून देतात. हेतू चांगला असेल, पण त्यातून घबराटीशिवाय फारसे काही निघत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी तपासणी

मग पोल कुठला? त्याला जवळची तपासणी ‘अँटी सी. सी. पी.’ ही. १९९८ च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधकांनी ती पुढे आणली. आमवातात सांध्यातल्या काही प्रथिनांतला एक घटक बदलून त्याचे सिट्रुलिन होते, आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनांनाच परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. (सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून पडले, कारण ते प्रथम कलिंगडात सापडले. म्हणून कलिंगड खाल्ल्याने वात होतो असे मात्र कोणी समजू नये. बिडी-सिगारेटने या आजाराचा धोका वाढतो, ही मात्र सिद्ध झालेली गोष्ट आहे.)

ही तपासणी आमवाताचे रोगी पकडण्यात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरपेक्षा फार सरस नाही. शंभरातील पासष्ट-सत्तर तीही पकडते. तिचा मोठा गुण असा, की ती उगाच पॉझिटिव्ह येत नाही. इतर सांधेदुखीच्या शंभर रोग्यांत पाच-एक जणांतच ती फसते, तर फॅक्टर पंधरा-एक जणांत फसतो. चिकुनगुनियाच्या बहुतेक रोग्यांत, सांधे कितीही सुजलेले असले तरी, ती निगेटिव्ह येते. अपवाद आहेत. क्षयाच्या काही रोग्यांत ती पॉझिटिव्ह आढळली आहे. आपल्याकडे क्षय काही कमी नाही, तेव्हा खोकला, बारीक ताप, वजनात घट असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कागदावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहून देत असतील तर आकडा मागून घ्या. प्रयोगशाळेची वरची मर्यादा २० असेल आणि तुमचा आकडा २८ असेल, तर ती किंचित वाढ झाली. आकडा ६० च्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त असेल, तर त्याला वजन आहे. २०१० साली अमेरिकेच्या व युरोपच्या सांधेतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून आमवात ओळखण्यासाठी गुणांची जी पद्धत ठरवली, तीत हाच तिप्पटीचा भेद धरला आहे. दहापैकी सहा गुण मिळाले तर आमवात. त्यात किती सांधे सुजले, कोणते सुजले, सूज सहा आठवडे टिकली का, रक्तातील दाहाचे आकडे वाढले का, या सर्वांना गुण आहेत. प्रतिपिंडांना जास्तीत जास्त तीन. एकट्या कागदावर कोणी पास होत नाही. शिवाय सुजेचे दुसरे कारण सापडत असेल तर ही पद्धत लावूच नये, अशी अट पहिल्याच पायरीवर आहे. चिकुनगुनिया हे असे दुसरे कारण होय.

विषाणूचा पुरावा, आणि त्याची मुदत

आता तिसरा कागद : चिकुनगुनियाच्या प्रतिपिंडांचा. इथे सगळा खेळ तारखेचा आहे.

तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत प्रतिपिंड तयार झालेलेच नसतात. तेव्हा रक्त दिले आणि कागद निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ चिकुनगुनिया नाही असा होत नाही. त्या दिवसांत प्रत्यक्ष विषाणूचा अंश शोधणारी पी. सी. आर. तपासणी करावी लागते. आठवडा उलटला की आय. जी. एम. प्रतिपिंड दिसू लागतात, साधारण तीन महिने राहतात, काहींत अधिकही. आय. जी. जी. मागाहून येतात आणि वर्षानुवर्षे राहतात. म्हणून आज कोणाचे आय. जी. जी. पॉझिटिव्ह आले, तर त्याला हा ताप आयुष्यात कधीतरी होऊन गेला एवढेच कळते. तो गेल्या महिन्यात झाला की २००६ साली, ते त्यातून निघत नाही. आजच्या सांधेदुखीचे खापर त्यावर फोडता येत नाही.

आय. जी. एम. च्या तपासणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. १९५२ साली ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेली हीच ती संस्था. सरकारने नेमून दिलेल्या काही जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत हे संच पुरवले जातात आणि तिथे तपासणी मोफत होते. बाजारात मिळणाऱ्या झटपट पट्टीवर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, फार विसंबू नये.

एक गुंता बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. ज्याच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर भरपूर आहे, त्याच्या रक्तात विषाणूची आय. जी. एम. तपासणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते, कारण हा फॅक्टर तपासणीतल्या प्रतिपिंडांनाच जाऊन चिकटतो. म्हणजे विषाणूमुळे वाताचा कागद फसतो, आणि वातामुळे विषाणूचा कागद फसू शकतो! तेव्हा ताप आलाच नव्हता, घरात-गल्लीत कोणाला नव्हता, आणि तरी चिकुनगुनिया पॉझिटिव्ह, असा कागद आला तर थोडे थांबून विचार करावा.

इतर विषाणूही सांधे धरतात. लहान मुलांचे गाल लाल करणारा पार्व्होव्हायरस त्यांच्या आईला किंवा शाळेतल्या बाईंना झाला, तर बोटांचे सांधे कित्येक आठवडे दुखतात. हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ यांतही सांधे दुखतात, आणि आमवाताची औषधे सुरू करण्यापूर्वी या दोन्हींची तपासणी व्हायलाच हवी, कारण ती औषधे यकृताला जड जातात. डेंगूत अंग मोडून येते, पण सांध्यावर सूज सहसा येत नाही.

जावांकडे परत

थोरलीच्या कागदावरचा फॅक्टर होता ३४, मर्यादा २०. किंचित वाढ. घरच्यांनी कोणाकडून तरी पुड्या आणल्या होत्या. त्या घेतल्या की दोन तासांत सांधे मोकळे होत, आणि थांबवल्या की दुप्पट धरत. अशा पुड्यांत बहुधा स्टिरॉइड असते. ते सूज झाकते, साखर वाढवते, हाडे पोकळ करते आणि तपासणाऱ्या डॉक्टरला चकवते. डिसेंबरात ती सांधेतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी अँटी सी. सी. पी. केली, ती निगेटिव्ह. तापाच्या तिसऱ्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात दिलेल्या रक्ताचा चिकुनगुनियाचा कागद तिने जपून ठेवला होता, तो पॉझिटिव्ह. पुड्या हळूहळू बंद करून साध्या औषधांवर व व्यायामावर तिला ठेवले. पुढचे वर सांगितलेच.

धाकटीला निगेटिव्ह कागदाने निर्धास्त केले. “मला वात न्हाई, तापाचंच हाय, जाईल” म्हणत ती वेदनाशामक गोळ्यांवर राहिली. फेब्रुवारीत मनगट वळेना तेव्हा जाऊबाईंनीच तिला ओढून नेले. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून आधी विचारले, “बोटं पहिल्यांदा कधी आखडली?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तापाच्या आधीच जी. लगीनसराईत, वैशाखात. पापड लाटताना.” हे तिला कोणी विचारलेच नव्हते. तिची अँटी सी. सी. पी. मर्यादेच्या दसपटीने वाढलेली निघाली. हा प्रतिपिंड आमवाताच्या रोग्यांच्या रक्तात आजार दिसण्यापूर्वी काही वर्षेसुद्धा असू शकतो. गल्लीतल्या सगळ्यांना आलेला ताप तिलाही आला, तो खराच होता. त्या तापाखाली मात्र आमवात झाकला गेला.

आमवाताची औषधे पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधा वाचतो. एकदा कुरतडलेले हाड पूर्ववत होत नाही. धाकटीला औषधाने आता पुष्कळ आराम आहे, भाकरीही थापते. पण उजवे मनगट पहिल्यासारखे वळत नाही. चार महिने आधी तीच तपासणी झाली असती तर, असे तिच्या मालकांनी आम्हाला विचारले. उत्तर आम्हालाही माहीत होते आणि त्यांनाही.

थांबायचे किती?

घाई केली तर चिकुनगुनियाच्या रोग्याला कारण नसताना जड औषधे, आणि उशीर केला तर आमवाताच्या रोग्याचा सांधा जातो. या कात्रीतून वाट काढताना तज्ज्ञ साधारण असा क्रम धरतात. ताप नुकताच गेला असेल आणि सांधे दुखत असतील, तर पहिल्या महिन्यात वाताची तपासणी करून काही हाती लागत नाही. डेंगू नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटॅमॉल सोडून इतर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण डेंगूत त्यांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. सहा आठवड्यांनंतरही सांधे नुसते दुखत नसून सुजलेले असतील, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फॅक्टर व अँटी सी. सी. पी. दोन्ही करावेत. ही दुसरी तपासणी महाग पडते हे खरे, पण स्वस्त कागदावर काढलेली वर्षे तिच्याहून महाग पडतात. अँटी सी. सी. पी. चांगली वाढलेली आली, तर “ताप आला होता ना, मग त्याचंच” असे म्हणून ती झटकू नये. आणि दोन्ही निगेटिव्ह येऊनही सूज तीन महिन्यांवर गेली, तर सांधेतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय राहू नये. आमवाताच्या काही रोग्यांत दोन्ही कागद कोरेच राहतात, आणि तिथे एक्स-रे, सोनोग्राफी व तज्ज्ञाचा हात यांवरच निर्णय होतो.

औषधाबद्दल एकच सूचना, पण ती जिवाची आहे. आमवातात ज्या मेथोट्रेक्सेट गोळ्या देतात, त्या आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायच्या असतात. रोज घेतल्या तर रक्त तयार होणे थांबते आणि माणूस दगावू शकतो. घरात गोळ्या देणाऱ्याला अक्षर येत नसेल तर वार कोणता, ते त्याच्याकडून म्हणवून घ्या. बाजारचा दिवस धरला की विसर पडत नाही. दिवस राहिलेल्या किंवा राहण्याची शक्यता असलेल्या बाईला ही गोळी चालत नाही, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

उसाची नोंद देताना लागणीची तारीख आपण कधी चुकत नाही, कारण तोड तिच्यावर लागते. तशीच तापाची नोंद ठेवावी. ताप कोणत्या दिवशी आला, अंगावर पुरळ होते का, घरात आणखी कोणाला होता, सांधे तापाआधी दुखत होते की नंतर, रक्त कोणत्या तारखेला दिले, आणि मधल्या काळात कोणाकोणाच्या पुड्या खाल्ल्या. शेवटचे लपवू नये, डॉक्टर रागावले तरी. या माहितीचे कोरे तक्ते सर्व गटऑफिसांत ठेवले आहेत. चिटबॉयकडे मागितले तरी मिळतील. तोडणी मजुरांच्या टोळ्यांतही ते वाटायचे आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा तक्ता मुकादमाने किंवा चिटबॉयने भरून द्यावा. मूळ कागद जवळ ठेवून डॉक्टरांना झेरॉक्स द्यावी.